लाल दिव्याच्या दोन्ही बाजूंना: नभोवाणीतील कामाविषयी वाचकांचे प्रश्न

नभोवाणीच्या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्या वाचकांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रे आवाजाविषयी आहेत, हे अपेक्षितच होते. परंतु कोणत्याही केंद्रात बोलणारी माणसे थोडी आणि त्यांना बोलते ठेवणारी माणसे पुष्कळ असतात, म्हणून पडद्यामागच्या कामाविषयीच्या मोजक्या पत्रांना येथे मुद्दाम अधिक जागा दिली आहे.

प्रश्न: माझा आवाज बारीक आहे. एका वक्तृत्व स्पर्धेत परीक्षकांनी ‘हा रेडिओचा आवाज नव्हे’ असे स्पष्टच सांगितले. ध्वनिमुद्रण ऐकताना मला स्वतःलाही तो आवाज परका वाटतो. निवेदक होण्याचा विचार सोडून द्यावा का? (पदवीच्या अखेरच्या वर्षाची विद्यार्थिनी)

आवाज परका वाटतो, याचे कारण साधे आहे. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हवेतून कानांत येतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही आतल्या कानापर्यंत पोहोचतो, आणि हाडांतून येणाऱ्या आवाजात खालच्या पट्टीचा भाग अधिक असतो. ध्वनिमुद्रणात हा दुसरा मार्ग नसल्यामुळे प्रत्येकालाच स्वतःचा आवाज पातळ वाटतो. काही आठवडे रोज स्वतःचे बोलणे ऐकले की हा परकेपणा जातो. तो जाईपर्यंत स्वतःच्या आवाजाविषयी कोणताही निर्णय घेऊ नये.

‘रेडिओचा आवाज’ या कल्पनेत माइकचाही वाटा मोठा आहे. केंद्रांत वापरले जाणारे अनेक माइक असे असतात की तोंड जितके जवळ न्यावे तितका खर्ज फुगतो. ज्या भारदस्तपणाची आपण वाहवा करतो, तो पुष्कळदा चार बोटांचे अंतर आणि मागच्या खोलीतील ध्वनिसंस्करण यंत्र यांचा मिळून झालेला असतो. ६ मे १९३७ रोजी अमेरिकेतील लेकहर्स्ट येथे हिंडेनबर्ग ही वायूने भरलेली प्रचंड प्रवासी वायुनौका जळाली, तेव्हा हर्बर्ट मॉरिसन या निवेदकाने गहिवरून केलेले वर्णन आजही ऐकवले जाते. ते थेट प्रक्षेपण नव्हते. ते तबकडीवर मुद्रित होऊन दुसऱ्या दिवशी प्रसारित झाले. पुढे अभ्यासकांनी त्याची तपासणी केली, तेव्हा मुद्रणयंत्र ठरलेल्या वेगापेक्षा हळू चालले असावे आणि त्यामुळे तबकडी नेहमीच्या वेगाने वाजवताना मॉरिसन यांचा आवाज मूळच्यापेक्षा चढा ऐकू येतो, असे त्यांचे मत पडले. म्हणजे नभोवाणीच्या इतिहासातला हा अतिपरिचित आवाज त्या माणसाचा खरा आवाज नव्हेच. तरीही ते वर्णन टिकले, कारण समोर काय दिसते आहे ते सांगणे त्याने थांबवले नाही.

चाचणीच्या वेळी केंद्रातील माणसे आवाजाच्या जातीपेक्षा दुसऱ्याच गोष्टी ऐकत असतात. वाचणारा वाचतो आहे की सांगतो आहे, ही पहिली. उच्चार ही दुसरी. ‘चार’ या संख्येतला च आणि ‘चारा’ या शब्दातला च यांत आपण फरक करता का, ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’ यांची गल्लत करता का, हे पहिल्या अर्ध्या मिनिटात कळते. आपल्या भाषेत महाप्राण व्यंजने मुबलक असल्यामुळे ‘फ’, ‘भ’, ‘ख’ म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो आणि तो सरळ माइकवर आदळला की ‘धप्प’ असा आवाज उमटतो. म्हणून माइक तोंडासमोर न ठेवता किंचित बाजूला ठेवून बोलण्याची सवय लावून घ्यावी. श्वास वाक्याच्या मध्ये नव्हे, अर्थ पुरा होतो तेथे घ्यावा. यांपैकी एकही गोष्ट आवाज जाड असण्यावर अवलंबून नाही.

एक अभ्यास सुचवते. वर्तमानपत्रातील दोनशे शब्दांची बातमी एकदा मोठ्याने वाचून मुद्रित करा. मग वर्तमानपत्र मिटून तीच बातमी घरातल्या कोणाला तरी सांगा आणि तेही मुद्रित होऊ द्या. दोन्ही मुद्रणे पाठोपाठ ऐका. दुसऱ्यात तुमचे आघात कोठे पडतात, तुम्ही कोठे थांबता, कोणता शब्द गाळता, हे टिपून ठेवा आणि पुढची बातमी वाचताना तसे वाचण्याचा प्रयत्न करा. आवडत्या निवेदकाची नक्कल मात्र करू नका. ती चाचणी घेणाऱ्यांनी त्याच आठवड्यात पाचदा ऐकलेली असते.

प्रश्न: मी दहा वर्षे हिशेबाच्या कामात आहे. रेडिओ लहानपणापासून ऐकतो, पण माइकसमोर बोलण्याची मला इच्छा नाही आणि धैर्यही नाही. माझ्यासारख्यासाठी केंद्रात काही काम असते का? (एक वाचक)

तुमचे पत्र वाचून मला फार बरे वाटले. माइकसमोर बोलण्याची इच्छा नसलेला माणूस केंद्रात दुर्मीळ असतो आणि त्याच्यावाचून अडते मात्र रोज.

२ नोव्हेंबर १९२० रोजी पिट्सबर्ग येथील केडीकेए केंद्राने अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल प्रसारित केले. त्या रात्री लिओ रोझेनबर्ग निकाल वाचून दाखवत होते. ते आकडे वर्तमानपत्राच्या कार्यालयातून दूरध्वनीने येत होते, कोणीतरी ते उतरवून घेत होते आणि प्रक्षेपक (ट्रान्समीटर) सांभाळणारा माणूस आणखी वेगळा होता. व्यावसायिक नभोवाणीचा आरंभ मानल्या जाणाऱ्या त्या रात्रीही बोलणाऱ्यांपेक्षा न बोलणारे अधिक होते. शंभर वर्षांत यंत्रे बदलली, हे गणित फारसे बदलले नाही.

न बोलणाऱ्यांत पहिला निर्माता. कार्यक्रमात काय असावे, कोणाला बोलवावे, कोणता भाग किती वेळ चालावा, हे तो ठरवतो आणि प्रक्षेपण चालू असताना काचेपलीकडून निवेदकाच्या कानात सूचना देतो. उत्तम निर्माता प्रक्षेपणाच्या वेळी फार थोडे बोलतो. ‘तीस सेकंद’, ‘पुढचा पाहुणा लाइनवर आहे’, ‘नाव पुन्हा सांगा’, एवढेच. संशोधक पाहुण्यांची पूर्वतयारी करतो. दुपारी एखाद्या तज्ज्ञाशी वीस मिनिटे बोलून हा माणूस संध्याकाळी थेट कार्यक्रमात मुद्देसूद बोलेल की भरकटेल, हे ओळखणे त्याच्याकडे असते. संहितालेखक वेगळा असेल तर त्याला कानासाठी लिहावे लागते. ‘उपरोक्त’ हा शब्द कानाला कळत नाही, कारण ऐकणाऱ्याला वर पाहता येत नाही. संकलक तासाभराच्या मुलाखतीतून बारा मिनिटे काढतो. ती काढताना बोलणाऱ्याच्या अर्थाला धक्का लागू न देणे हा त्याच्या कामातला नैतिक भाग आहे. श्वास कोठे कापायचा आणि कोठे राहू द्यायचा, हा कौशल्याचा.

तुम्ही हिशेबातले आहात म्हणून दोन जागांकडे विशेष लक्ष वेधते. पहिली आहे ‘ट्रॅफिक’ विभागाची. या नावामुळे नवे उमेदवार हटकून फसतात आणि रस्त्यावरच्या वाहतुकीची माहिती देणारा विभाग तो हाच, असे समजतात. प्रत्यक्षात कोणती जाहिरात कोणत्या तासाला, कोणत्या क्रमाने वाजेल, एकाच धंद्यातील दोन प्रतिस्पर्धी पाठोपाठ येणार नाहीत ना, पैसे भरलेली प्रत्येक जाहिरात खरोखर वाजली का आणि न वाजलेलीची भरपाई कधी करायची, याचा तो काटेकोर हिशेब आहे. व्यावसायिक केंद्राचे उत्पन्न या तक्त्यातून जाते. तरी अर्ज करणाऱ्यांना त्याचा पत्ताच नसतो.

दुसरी जागा संगीत नियोजकाची. कोणते गीत दिवसातून किती वेळा फिरेल, एकाच गायकाची दोन गीते किती अंतराने येतील, संथ गीतानंतर काय यावे, हे नियम संगणकात भरायचे आणि संगणकाने काढलेली यादी डोळ्यांखालून घालून सुधारायची. कानाची आवड आणि तक्त्याची शिस्त या दोन्ही गोष्टी ज्याला जमतात, त्याने या कामाचा जरूर विचार करावा.

तुम्हाला सवयीची असलेली आणखी एक गोष्ट केंद्रात सर्वांनाच करावी लागते, ती म्हणजे वेळेची उलटी वजाबाकी. समजा, अकराच्या ठोक्याला बातम्या सुरू व्हायच्या आहेत, त्यांच्या आधी दहा सेकंदांची संकेतधून आहे आणि तिच्या आधी तीन मिनिटे बेचाळीस सेकंदांचे गीत पूर्ण वाजले पाहिजे. मग निवेदकाचे बोलणे दहा वाजून छप्पन्न मिनिटे आठ सेकंदांनी संपलेच पाहिजे. हा हिशेब कागदाशिवाय, पाहुणा बोलत असताना आणि गीत मध्येच बदलले तर नव्याने करता यावा लागतो. बीबीसीने ५ फेब्रुवारी १९२४ पासून तासाच्या ठोक्याला सहा ‘पिप’ (वेळ दर्शवणारे छोटे बीप) ऐकवण्यास आरंभ केला. त्यांतील शेवटचा पिप आता लांब असतो आणि तो सुरू होण्याचा क्षण हाच तासाचा आरंभ. त्या पिपांवर निवेदकाचे बोलणे सांडणे तेथे अजूनही लाजिरवाणे मानतात. माझ्या मते ही लाज योग्य आहे.

प्रश्न: माझी इलेक्ट्रॉनिक्समधील पदविका पूर्ण होत आली आहे. स्टुडिओचे काम शिकावे की प्रक्षेपकाचे? सर्व काही संगणकावर आल्यामुळे अभियंत्याची गरज उरली आहे का? (पदविकेचा विद्यार्थी)

दोन्ही कामांचे स्वभाव वेगळे आहेत. प्रक्षेपकाकडचा अभियंता उच्च दाबाची वीज, मनोरा, थंड ठेवण्याची यंत्रणा आणि पर्यायी वीजपुरवठा यांच्याशी झगडतो; त्याला माणसे कमी भेटतात आणि फोन येतो तो बहुधा वादळात. स्टुडिओच्या अभियंत्याला माणसे फार भेटतात. त्यांतील निम्मी ‘आवाज येत नाही’ एवढेच सांगतात. सुरुवात स्टुडिओत करून मग प्रक्षेपक शिकणे सोपे, असे मला वाटते, कारण प्रक्षेपकाला दिला जाणारा आवाज मुळात कसा असावा हे आधी कानाला कळलेले असते.

शिकण्यासारख्या गोष्टींत संगणकांचे जाळे आज पहिले आले, कारण स्टुडिओतील आवाज बहुतेक ठिकाणी आता जाळ्याच्या तारांतूनच फिरतो. त्याखालोखाल ध्वनिपातळी. २००६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ऐकू येणारा मोठेपणा मोजण्याची पद्धत ठरवून दिली आणि तिच्या आधारे युरोपीय प्रसारकांच्या संघाने २०१० मध्ये उणे २३ एलयूएफएस (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचे एकक) ही पातळी सुचवली. मापकाच्या सुईवर दोन ध्वनी सारखे दिसले तरी कानाला एक मोठा आणि एक लहान वाटू शकतो, ही अडचण त्यामागे होती. जाहिरात लागताच आवाज कमी करायला उठणाऱ्या प्रत्येक श्रोत्याला ती ठाऊक आहे.

तिसरी गोष्ट ‘मिक्स-मायनस’. दूरवरून बोलणाऱ्या पाहुण्याला कार्यक्रमातले सर्व काही ऐकवायचे, फक्त त्याचा स्वतःचा आवाज वगळायचा. तो वगळला नाही तर जाऊन परत यायला लागणाऱ्या क्षणभराच्या विलंबाने स्वतःचेच शब्द त्याच्या कानात येतात आणि भलाभला वक्ता तोतरा होतो. नोकरीच्या मुलाखतीला गेलात तर ही जोडणी कागदावर काढून दाखवण्याची तयारी ठेवा. मी पाहिलेल्या मुलाखतींत हा प्रश्न वारंवार येत असे.

अभियंता म्हणजे केवळ दुरुस्ती करणारा, असेही समजू नका. डॅफ्नी ओरॅम दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बीबीसीत कनिष्ठ स्टुडिओ अभियंता म्हणून लागल्या आणि १९५८ साली तेथे रेडिओफोनिक वर्कशॉप सुरू झाले ते त्यांच्या आणि डेस्मंड ब्रिस्को यांच्या खटपटीने. नाटकांसाठी कोणत्याच वाद्यातून न निघणारे ध्वनी चुंबकीय फिती कापून, उलट्या फिरवून आणि जोडून तेथे तयार केले जात.

प्रश्न: घरी सरावासाठी कोणता माइक घ्यावा? (अनेक वाचक)

आधी खोली पाहा. कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटासमोर साध्या माइकवर केलेले मुद्रण उघड्या भिंतींच्या खोलीत महागड्या माइकवर केलेल्यापेक्षा चांगले होते. पंखा बंद करा. सहा महिने सातत्याने सराव झाला तर माइकविषयी पुन्हा लिहा.

प्रश्न: मी आतापर्यंत अनेक केंद्रांना आवाजाचा नमुना पाठवला, एकाकडूनही उत्तर नाही. नमुना दहा मिनिटांचा आहे. त्यात कविता, बातम्या, नाट्यप्रवेश आणि मिमिक्री असे सर्व काही घेतले आहे. काय चुकते? (एक वाचक)

दहा मिनिटे चुकतात. ऐकणाऱ्याजवळ असे पुष्कळ नमुने साचलेले असतात आणि तो पहिल्या पंधरा-वीस सेकंदांत ठरवतो की पुढे ऐकायचे की नाही. नमुना दोन ते तीन मिनिटांचा करा आणि सर्वांत चांगला भाग आरंभी ठेवा. सुरुवातीचे संगीत, नमस्कार, नाव आणि शिक्षणाची माहिती काढून टाका. ती पत्रात असतेच.

शिवाय ज्या केंद्राला पाठवायचे त्याचे प्रक्षेपण किमान आठवडाभर ऐका. सलग बातम्या देणाऱ्या केंद्राला मिमिक्री नको असते आणि गप्पांच्या केंद्राला काव्यवाचन नको असते. सर्वांना एकच नमुना पाठवला की कोणालाच तो आपल्यासाठी आहे असे वाटत नाही. शक्य असल्यास खऱ्या प्रक्षेपणातले तुकडे द्या. महाविद्यालयाचे किंवा वस्तीचे छोटे सामुदायिक केंद्र असले तरी चालेल. खऱ्या प्रक्षेपणात माणूस अडखळतो आणि सावरतो. ते सावरणे ऐकण्यासाठीच अनुभवी कार्यक्रमप्रमुख कान देतो. घरी वीस वेळा मुद्रित करून निवडलेल्या निर्दोष तुकड्यातून त्याला फारसे काही कळत नाही.

उत्तर न येणे हे नकाराचेच उत्तर असते असे नाही. तीन महिन्यांनी नवा नमुना पाठवावा. जुनाच पुन्हा पाठवू नये.

प्रश्न: मुलीला नभोवाणीत जायचे आहे. आता सर्व जण मोबाइलवर हवे ते ऐकतात आणि संगणकही माणसासारखा बोलतो. या क्षेत्रात भविष्य आहे का? (एक पालक)

तुमची काळजी खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. कायम नोकऱ्या कमी झाल्या आहेत. एकाच माणसाने ध्वनिमुद्रण करून ठेवलेला कार्यक्रम अनेक केंद्रांवरून वाजवता येतो आणि रात्रीचे तास पुष्कळ ठिकाणी माणसांवाचूनच चालतात. परंतु आवाज पोहोचवण्याचे साधन बदलणे आणि काम संपणे या दोन गोष्टी एकत्र मोजू नयेत. नॉर्वेने २०१७ या एका वर्षात राष्ट्रीय केंद्रांचे एफएम प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद केले. ती केंद्रे डिजिटल प्रक्षेपणावर गेली, बंद पडली नाहीत. आज निर्मात्याने, संशोधकाने आणि संकलकाने शिकलेले सर्व काही पॉडकास्टच्या कामात जसेच्या तसे लागते.

बोलणाऱ्या संगणकाचा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये पोलंडमधील ‘ऑफ रेडिओ क्राकोव’ या केंद्राने संगणकाने घडवलेले निवेदक आणले. २०१२ साली निधन पावलेल्या कवयित्री विस्वावा शिंबोर्स्का यांची ‘मुलाखत’ही प्रसारित केली. त्यावर एवढी टीका झाली की काही महिन्यांसाठी आखलेला प्रयोग सुमारे आठवड्याभरात आवरता घ्यावा लागला. यावरून यंत्रे हरली, असा निष्कर्ष मी काढणार नाही. हवामान, बाजारभाव, वेळ सांगणे अशी ठरावीक निवेदने यंत्रांकडे जातील आणि काही प्रमाणात गेलीही आहेत. तुमच्या मुलीने केवळ लिहून दिलेले वाचण्याची तयारी केली, तर तिची स्पर्धा त्यांच्याशीच होईल. तिला बाहेर जाऊन माणसांना बोलते करणे, ते मुद्रित करणे, संकलित करणे आणि त्याभोवती चार वाक्ये लिहिणे जमत असेल, तर तिला काम मिळण्याची शक्यता मला बरीच वाटते. उत्पन्नाच्या बाबतीत मात्र पहिली दोन-तीन वर्षे जोडकाम असलेले बरे.

प्रश्न: मला नुकतीच एका छोट्या केंद्रात रात्रपाळी मिळाली आहे. थेट प्रक्षेपणात चूक होईल या भीतीने झोप लागत नाही. मोठी चूक झाली तर काय होते? (नवोदित निवेदिका)

चुकीसाठी यंत्रणा आधीच तयार असते. श्रोत्यांचे फोन घेणाऱ्या कार्यक्रमात पुष्कळ केंद्रे प्रक्षेपण काही सेकंद उशिरा सोडतात, म्हणजे एखाद्याने भलतेच काही बोलल्यास बटण दाबून ते गाळता येते. फोन करणाऱ्याला ‘आपला रेडिओ बंद करा’ असे सांगण्यामागे हा उशीरही एक कारण असतो. शांतता ओळखणारे उपकरणही असते. ठरावीक सेकंद काहीच ऐकू आले नाही, तर ते आपोआप राखीव संगीत सुरू करते. शब्द चुकला तर तो दुरुस्त करून पुढे जावे, क्षमायाचना लांबवू नये. नाव किंवा आकडा चुकला असेल तर दुरुस्ती स्पष्टपणे करावी. हेडफोन मात्र कानांवरच ठेवावेत.

हे शेवटचे वाक्य मी अनुभवाने लिहिते आहे. माझ्या पहिल्या वर्षी रात्री दोनच्या बातम्या वाचताना गरम होत होते, म्हणून मी हेडफोन मानेवर उतरवून ठेवले आणि माझा फेडर (माइकचा आवाज चढवण्या-उतरवण्याची सरकती कळ) वर सरकवायला विसरले. वीस सेकंद शांतता गेली, राखीव संगीत सुरू झाले, आणि मी उरलेले संपूर्ण बातमीपत्र अतिशय स्वच्छ उच्चारांत कोणालाही ऐकू न जाता वाचून काढले. काचेवर टकटक झाली तेव्हा मी हवामानापर्यंत पोहोचले होते. पाळीवरचे अभियंता आत आले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी नोंदवही माझ्यापुढे ठेवून पेन दिले. मी वेळ लिहिली, कारणाच्या रकान्यात ‘फेडर बंद’ असे लिहिले आणि सही केली. तीनच्या बातम्यांना पंचावन्न मिनिटे बाकी होती.